बाईजाची राखण

शहापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत कुंडलिकचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, रेशनकार्डाचे अर्ज, मोबाइलची फुटलेली काच, सगळं एकाच गाळ्यात. सकाळपासून माणसांची रीघ असते. त्या गर्दीत महिन्या-दोन महिन्यांनी एखादा चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला गृहस्थ दारातच थांबतो आणि कागद पुढे करायचं सोडून गळा ताणून ओरडतो, "कुंडलिकाऽऽ, धाव रेऽऽ, डुकर आलाऽऽ!" रांगेतली माणसं दचकतात. कुंडलिक मान वर न करता विचारतो, "मुरबाडच्या क्लासचा का? बस बस."

मग चहा येतो आणि दोघंही अर्धा तास कामाचे राहत नाहीत. निघताना तो गृहस्थ विचारतो, "आई कशी हाय रे?" कुंडलिक म्हणतो, "हाय." गेल्या वर्षापासून तो एवढंच म्हणतो. कारण ही हाक ज्या बाईची, ती त्याची आई बाईजा आता मुकी झाली आहे.

वीस-एक वर्षांपूर्वी मुरबाडला धर्मा सरांचा कम्प्युटर क्लास होता. तिथं ज्याने ज्याने माउस धरायला शिकून घेतलं, त्याने 'राखण' हा खेळ खेळला. तो बाजारातला खेळ नव्हता, कुठल्या कंपनीने काढलेला नव्हता. कुंडलिकने तो घरी बसून बनवला होता. आताच्या पोरांना हे पटत नाही. त्यांच्या मोबाइलात वाऱ्याने गवताचं पातंसुद्धा हलतं आणि गोळी लागलेल्या माणसाच्या कपाळावर घाम दिसतो. 'राखण'मधलं डुक्कर म्हणजे एक काळा चौकोन आणि त्याला खाली चार काड्या. पोपट म्हणजे हिरवे ठिपके. भात म्हणजे उभ्या रेघा, आधी हिरव्या, मग पिवळ्या. पण त्या चौकोनाने मुरबाडच्या पोरांना जेवढा घाम फोडला तेवढा पुढे बोर्डाच्या परीक्षेनेही फोडला नाही. हे तीच पोरं सांगतात, मी पदरचं सांगत नाही.

कुंडलिकचं गाव मुरबाडवरून आत, डोंगराच्या पायथ्याला, जिथून काळीपिवळी जीप परत फिरते तिथं. बाप अनंता भाताचा शेतकरी. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की मागे राहिलेल्या ओलीवर वाल. कुंडलिक बारावी झाला तेव्हा गावातला शिकलेला पोरगा एक तर मास्तर व्हायचा, नाहीतर भिवंडीच्या गोडाउनात जायचा. याने तिसरंच खूळ डोक्यात घेतलं. धर्मा सरांच्या क्लासात शिकला, तिथंच बारक्या पोरांना शिकवू लागला आणि कल्याणहून एक जुना कम्प्युटर घरी घेऊन आला. जीपमध्ये मॉनिटर गोधडीत गुंडाळून बाईजाच्या मांडीवर, आणि अनंता मागे लटकत. "सून आनावी तसा आनला," असं अनंता पुढे कित्येक दिवस सांगत होता.

खेळ बनवायचा तर लढाई हवी. कुंडलिकला माहीत असलेली लढाई एकच. आश्विनात भात पिकतं, दिवसा पोपटांचे थवे उतरतात आणि अंधार पडला की डोंगरातून डुकरं येतात. शेतात माळा बांधून, त्यावर बसून, ओरडून, डबे वाजवून जे वाचेल ते आपलं. इथवर कुणालाही सुचलं असतं. पण शेतकऱ्याचा पोर तो, त्याने खेळ कम्प्युटरच्या तारखेला बांधला. उन्हाळ्यात खेळ उघडलात तर भाताच्या खाचरात जमीन भाजायला लावलेला राब जळताना दिसणार. मृगानंतर पेरणी, आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आश्विनात पिवळं भात. डुकरं आणि पोपट यायचे ते भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत. पुढे जानेवारीत नुसता वाल, आणि माळा रिकामा.

"मग बाकीचे महिने खेलायचं काय?" धर्मा सरांनी विचारलं होतं.

"बाकीचे महिने राखण कोन करतो, सर?" कुंडलिकला प्रश्नच कळला नव्हता.

फेब्रुवारीत आवणी होऊ शकते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. क्लासातल्या पोरांनी पुढे त्यावर तोड काढली. ती सरळ कम्प्युटरची तारीख फिरवून आश्विन आणायची, आणि मग धर्मा सरांच्या फीच्या पावत्या जूनमध्ये ऑक्टोबरच्या निघायच्या. सरांनी किती पोरांचे कान पिळले त्याला गणती नाही.

खेळाची खरी परीक्षक मात्र बाईजा. तिला अक्षरओळख नव्हती, पण भाताबद्दल तिला कुणी काही शिकवावं असं त्या पंचक्रोशीत माणूस नव्हतं. ती चुलीवरचं काम उरकून मागे येऊन उभी राहायची. "बांध कोरडा कसा? चिंबोऱ्या बीळ करतात, पानी फुटतं. तुझ्यात चिंबोरी कुठाय?" झालं, कुंडलिकने चिंबोऱ्या घातल्या. "पोपट एकटा येतो काय रे? तो काय पाव्हना हाय?" कुंडलिकने थवा घातला. शेवटी आला आवाजाचा प्रश्न. डुकराला हाकलायला त्याने कम्प्युटरची शिट्टी ठेवली होती. बाईजाने ती ऐकली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"ह्या पीपीला डुकर भिईल? तो उलट जवळ येऊन बघंल, कोनाचं पोर रडतंय."

मग तिचाच आवाज भरायचं ठरलं. घरात ओरडायला ती तयार होईना. घरात कोण असं ओरडतं, गाव काय म्हणेल? म्हणून कम्प्युटर ओट्यावर आणला, वायर खिडकीतून ओढली, माइक तिच्या हातात दिला. बाईजाने खाचराकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवला आणि दोन हाका दिल्या. पोपटांसाठी, "हाऽऽ हुर्रऽऽ!" आणि डुकरासाठी, "कुंडलिकाऽऽ, धाव रेऽऽ, डुकर आलाऽऽ!" दुसऱ्या हाकेच्या मागोमाग कुणाचा तरी कोंबडा आरवला, तोही भरला गेला. पहिली हाक स्पेसबारला लावली, दुसरी एंटरला. एंटर दाबला की आई हाक मारणार आणि माळ्यावरचा माणूस उडी टाकून धावत सुटणार. डुक्कर खरंच आलं आहे की नाही हे तपासायची ओळ लिहायची मात्र राहून गेली. म्हणजे खाचर आणि माळा रिकामे असले तरी एंटर दाबला की बाईजा ओरडायचीच, आणि माणूस उडी टाकायचाच.

आणि बाईजाला त्या खेळाचा नाद लागला. हसू नका, भल्याभल्यांना लागतो. त्या वर्षी लोडशेडिंग असं की लाइट दिवेलागणीला यायची, आणि लाइट आली की बाईजा भाकऱ्या टाकायच्या सोडून कम्प्युटरसमोर. शेजारपाजारचेही येऊन बसायचे. आश्विनातल्या अशाच एका संध्याकाळी अनंता औषध आणायला कल्याणला गेला होता आणि राखणीला बाईजाला सांगून गेला होता. लाइट आली. "जरा एक डुकर मारून जाते," म्हणून ती बसली. डुकरावर डुकरं आली, एंटरवर एंटर पडले, घर दणाणलं. मध्येच बाहेर कुत्री जीव तोडून भुंकायला लागली.

बाईजा कौतुकाने म्हणाली, "कुत्रा पन घातलास व्हय रे? झ्याक भुकतो."

कुंडलिकने कुत्रा घातलेला नव्हता. तो उठेपर्यंत खऱ्या खाचरात खरी डुकरं लोळून, तुडवून, खाऊन निघून गेली होती. ज्या बाईच्या हाकेने तीन वाड्यांची माणसं जागी व्हायची, तिची हाक त्या संध्याकाळी फक्त कम्प्युटरच्या डब्यात वाजली. शेताला ती ऐकूच गेली नाही. गाव पुढे वर्षभर म्हणत राहिलं, "कम्पुटरातलं भात राखलं आनि खाचरातलं डुकरानं चाखलं." अनंताने आरडाओरडा केला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी जीप बोलावली, मॉनिटर त्याच गोधडीत गुंडाळला आणि सगळा संसार धर्मा सरांच्या क्लासावर नेऊन दिला. बाईजा ओट्यावर उभी राहून बघत होती. त्यानंतर तिने त्या खेळाचं नाव काढलं नाही.

कुंडलिकजवळच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी आली, त्यामुळे 'राखण' उरली ती त्या क्लासातल्या एका डब्यात. पण तिथं ती गाजली. क्लास बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे. एकदा बाईजा बाजाराला गेली असताना वरून तिचाच आवाज आला, "कुंडलिकाऽऽ, धाव रेऽऽ!" रस्त्यावरची माणसं हसली. सोबतची बाई म्हणाली, "गो बाईजा, ही तूच ना?" बाईजाने पदर पुढे ओढला. "नाय गो. ती कोन दुसरी बाय आसंल," म्हणाली, आणि मिरच्या न घेताच जीपमध्ये जाऊन बसली.

पुढे वर्षं गेली. खेळ बनवणारा होईन म्हणणारा कुंडलिक काही वर्षं भिवंडीला जाऊन आला, मग पूजाशी लग्न झालं, मग शहापूरला दुकान टाकलं. गाळ्याच्या वरच राहायला दोन खोल्या. अनंता वारला. जमीन भावकीतल्या माणसाला अर्धेलीने दिली आणि बाईजा शहापूरला आली. गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज सगळी शाबूत. पूजाने सगळं निगुतीने केलं, त्याबद्दल तिला बोल लावायला जागा नाही. उशाशी स्टीलचा पेला ठेवला, काही हवं असलं की बाईजा डाव्या हाताने तो जमिनीवर आपटायची आणि पूजा यायची. पण एके दिवशी शेजारच्या भागीरथीकडे पाहुणे आले होते. भिंत पातळ. पलीकडून कुणीतरी सहज विचारलं, "भांडी कोन आपटतंय वो एवढी?"

एवढंच. विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण बाईजाने पेला खाली ठेवला तो ठेवलाच. त्या दिवसापासून तिने हाक मारणं सोडलं. तहान लागली तरी पडून राहायची, कुणी आलं आणि विचारलं तरच मान हलवायची. एकदा अंथरूण ओलं झालं आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. कुंडलिकने बाजारातून बटणाची घंटी आणली. ती टिंगटिंग वाजली तशी बाईजाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला खेळातली ती पीपी आठवली. तिने घंटी डाव्या हाताने दूर सारली. कुंडलिक दुकानात खाली बसायचा, पण लक्ष वर. वर शांत असायचं आणि त्या शांततेनेच त्याचा जीव टांगणीला लागायचा.

अशात धर्मा सरांचा फोन आला. क्लास तर कधीच बंद पडला होता, आता सर ती जागाही सोडून बदलापूरला मुलाकडे निघाले होते. "भंगारवाला उद्या येनार हाय. तुझा तो डबा हितंच पडलाय. नेतोस का देऊ टाकून?"

"द्या टाकून," कुंडलिक म्हणाला. समोर सातबाऱ्यासाठी रांग होती. त्याने एक कागद मशीनवर ठेवला, झाकण लावलं, आणि आईची हाक आता फक्त त्या डब्यात उरली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने रांगेतल्या लोकांची माफी मागितली, शटर ओढलं आणि धावत जाऊन मुरबाडची एसटी पकडली.

किन्हवली, सरळगाव करत एसटी मुरबाडला पोहोचेपर्यंत त्याने सरांना चार वेळा फोन लावला, डबा जाऊ देऊ नका म्हणून. जागेची वीज आधीच तोडलेली होती, त्यामुळे डबा चालतो की नाही हे तिथं बघता येईना. सर म्हणाले, "किती वर्षांत चालू केला नाय रे. उंदरांनी आत घर केलं आसंल." कुंडलिकने डबा हलवून पाहिला. आत काहीतरी खडखडलं. परतीच्या एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसला, आणि शेजारच्या माणसाने भंगारात याचे काय येतील म्हणून विचारलं तेव्हा त्याने डबा आणखी जवळ ओढला.

घरी आल्यावर त्याने बाईजाच्या खोलीतच टेबल लावलं. डबा उघडून धूळ फुंकली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घासली, दुकानातला मॉनिटर वर आणून जोडला, जुने स्पीकर लावले. पूजा दारात उभी. बाईजा उशीला टेकून बघत होती, पण काय चाललं आहे हे तिने अजून ओळखलं नव्हतं. पहिल्यांदा बटण दाबलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा पंखा घरघरला. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली, तारीख-वेळ हरवली आहे म्हणून. कुंडलिकने तिकडे लक्ष दिलं नाही, पुढे जाऊ दिलं. बऱ्याच खडखडाटानंतर विंडोज उघडलं आणि कोपऱ्यात ते चित्र दिसलं, काळा चौकोन आणि चार काड्या.

त्याने खेळ उघडला. खाचर आलं, पण खाचरात भात नव्हतं. कापलेले बुडखे, मध्ये वालाचे हिरवे ठिपके, आणि रिकामा माळा. पोपट नाहीत, डुक्कर नाही. कुंडलिकने कपाळावर हात मारला. आतला सेल मेल्यामुळे कम्प्युटरची तारीख मागे जाऊन जानेवारीला थांबली होती, आणि जानेवारीत या खेळात राखायला काही नसतं.

"थांब आई, आश्विन लावतो," म्हणून तो माउसकडे वळला, तर बाईजाने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. ती पडद्याकडे बघत होती. बांध, चिंबोरीचं बीळ, विहिरीकडची पायवाट, सगळं तिनेच सांगून काढून घेतलेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. कुंडलिकने माउस सोडला. आपण एकेकाळी केवढं काही केलं होतं, आणि कुणासाठी केलं होतं, हे त्याला त्या वेळी पुरतं उमगलं.

त्याने कीबोर्ड तिच्या डाव्या हाताशी अंथरुणावर ठेवला. तिने हात मागे घेतला आणि गोधडीखाली घातला. तिला ती संध्याकाळ आठवली असणार, आणि तुडवलेलं भात. कुंडलिकने आग्रह केला नाही. एवढ्यात स्वयंपाकघरातून पूजाची हाक आली, गॅस संपला म्हणून. तो सिलिंडर बदलायला आत गेला. जड पावलांनी गेला, कारण ज्यासाठी एवढी धावपळ केली ते फुकट गेलं असं त्याला वाटत होतं. सिलिंडरचं झाकण काढलं, रेग्युलेटर हातात घेतला.

"कुंडलिकाऽऽ, धाव रेऽऽ, डुकर आलाऽऽ!"

स्पीकरचा आवाज क्लासात असायचा तसा पुरा होता. दोन्ही खोल्या दणाणल्या. मागोमाग वीस वर्षांपूर्वीचा तो कोंबडा आरवला. कुंडलिकच्या हातातून रेग्युलेटर सुटला आणि तो धावला. खुर्चीला अडखळला, चौकटीवर खांदा आपटला आणि खोलीत येऊन उभा राहिला. पडद्यावर माळ्यावरून उडी टाकलेला इवलासा माणूस रिकाम्या खाचरात धावत होता. डुक्कर कुठेच नव्हतं. बाईजाचं बोट एंटरवर होतं.

"काय गो आई?" त्याने धापा टाकत विचारलं.

बाईजाने डोळ्यांनी तांब्या दाखवला. तिला पाणी हवं होतं.

तो पाणी ओतत होता तेव्हाच दारावर थाप पडली. शेजारची भागीरथी, हाताला पीठ तसंच. जिन्यात आणखी दोन-तीन माणसं. "काय झालं गो पूजा? कोन बाय ओरडली एवढी?" पूजा काय सांगावं या विचारात पडली आणि तिने वळून सासूकडे पाहिलं.

बाईजाने पेला कुंडलिकच्या हातात परत दिला. पदर नीट करायला उचललेला डावा हात तिने मध्येच थांबवला आणि आपल्या छातीवर ठेवला. सगळ्यांना दिसेपर्यंत तो तिथंच राहू दिला. मग पुन्हा एंटर दाबला, आणि तिच्याजवळच उभा असलेला कुंडलिक "आलो गो आई" म्हणाला.